तादोच्या वाटेवरचे खांब

तादो माणसाच्या तोंडाकडं पाहून बोलत नसे. तो हातांकडं पाहायचा. समोर गावचा पाटील असो, आमचे रेंजर साहेब असोत, की बाजाराला निघालेली एखादी बाई असो, ह्याची नजर आपली मनगटाच्या खाली. आधी उजवा हात, मग डावा, आणि मग वाटलं तर बोलणं. नव्या माणसाला वाटे, आपल्या हाताला काही लागलंय की काय, आणि तो हात मागं घेई. गावातल्या म्हाताऱ्यांना मात्र कारण ठाऊक होतं, म्हणून ते त्याच्यासमोर जरा सावरूनच बसत. तादो मेलेल्यांचे खांब कोरायचा. माणूस मेला की त्याच्या नावानं डोंगरवाटेवर एक लाकडी खांब उभा राही आणि त्यावर तो जन्मभर काय करत होता ते कोरलेलं असे. तोंडं तादो सपाट ठेवायचा. तोंडं सगळ्यांची सारखीच, असं त्याचं मत होतं. माणूस वेगळा होतो तो हातांनी.

तादो म्हणजे गोंडीत आजा, बापाचा बाप. तो सगळ्या गावाचाच आजा होता, म्हणून मीही त्याला तादोच म्हणायला लागलो आणि आपल्या आज्याशी बोलावं तसं अरेतुरे करायला लागलो. मी तेव्हा बाविशीतला, नुकता नाकेदार झालेलो. नाकेदार म्हणजे जंगलखात्यातला सगळ्यात खालचा साहेब. खाकी अर्धी चड्डी, एक काठी, लाकडावर शिक्का मारायचा एक हातोडा आणि चहूकडं जंगल, एवढी माझी दौलत. गोंडपिपरीकडच्या धानाच्या बांधावरून उठून मी इथं, अहेरीहून बैलगाडीनं दीड दिवसाच्या वाटेवर येऊन पडलो होतो. मी आलो तेव्हा चांदा जिल्हा मध्यप्रदेशात होता आणि निघालो तेव्हा मुंबई राज्यात. नाक्यावरच्या छापील फॉर्मांखेरीज कोणालाच त्याचा पत्ता नव्हता.

आमची पहिली भेट काही आजा-नातवासारखी झाली नाही. दुसऱ्याच आठवड्यात मला गावामागच्या वाटेवर साल सोललेला सागवानी ओंडका दिसला, चांगला दीड पुरुष लांब. गावाला जंगलातून जळण मिळे, बांबू मिळे, घरापुरतं आडवंतिडवं लाकूड मिळे; सागाला हात लावायची परवानगी नव्हती. नवा नाकेदार आणि समोर चोरीचं सागवान, मला तर हर्षच झाला. मी हातोडा काढला आणि ओंडक्याच्या अंगावर जप्तीचा शिक्का ठोकला. शेजारी एक म्हातारा उकिडवा बसून माझ्या हातांकडं पाहत होता. लाकूड कोणाचं म्हणून दरडावलं, तर म्हणाला, चैतूचं. चैतू कुठी आहे? म्हणाला, मेला.

मी तसंच लिहून साहेबांकडं पाठवलं. आरोपीचं नाव चैतू, राहणार मयत. आमचे रेंजर साहेब भला माणूस. त्यांनी मला बोलावून घेतलं, पोटभर हसले, मग पोटभर झापलं, आणि सांगितलं की त्या म्हाताऱ्याला वर्षाकाठी दोनचार वठलेले साग घेऊ देत जा, त्यानं सरकार बुडत नाही. मी खजील होऊन परत आलो आणि तादोला म्हटलं, तो शिक्का तासून टाक. त्यानं मान हलवली. चैतूच्या लाकडावर केस झाली होती ना, मग ती पुसायची कशी? खांब उभा राहिला तेव्हा चैतूचे दोन बैल, त्याचा ढोल आणि त्यांच्या मधोमध माझा सरकारी शिक्का, असा सगळा थाट होता.

हे प्रकरण माझ्या चांगलंच अंगलट आलं. चारसहा महिन्यांनी गावात एक म्हातारी गेली आणि तिचे दोन्ही लेक कोंबडा घेऊन माझ्या नाक्यावर हजर. चैतूच्या खांबावर सरकारनं मोहर उठवली, आमच्या मायनं काय कमी केलं होतं, असा त्यांचा सवाल. जप्तीची खूण त्यांना मानाची वाटली होती. हातोडा वापरावा तर नोकरी जाते, नाही म्हणावं तर गाव तुटतं. शेवटी तादोच मधे पडला. त्यानं पोरांना एवढंच विचारलं, तुमच्या मायवर कधी केस झाली होती का? नव्हती. मग नाकेदारानं खोटा शिक्का कशाला मारायचा? पोरं उठली आणि कोंबडा घेऊन घरी गेली. कोंबड्याचं मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

ती वाट ओढ्यापासून निघून बांबूच्या बेटांतून वर डोंगरातल्या देवठाण्याकडं जायची. दोन्ही बाजूंना खांब. खालचे फार जुने, वाळवीनं खाल्लेले, कुठं कललेले. त्यांतल्या माणसांची नावंही कोणाला सांगता येत नव्हती. वर चढत जावं तसे खांब ताजे होत. कोणावर नांगर, कोणावर मधाचं पोळं काढायला झाडावर चढलेला माणूस, कोणावर नुसतीच नाचणाऱ्यांची रांग. एका बाईच्या खांबावर एक मडकं आणि त्याच्याभोवती पुढं केलेले हातच हात, कारण तिच्या दारातून कोणी तहानेला परत गेला नव्हता. वाटेनं जाणारी माणसं ओळखीच्या खांबापाशी थांबत, तंबाखूची चिमूट ठेवत आणि दोन शब्द बोलून पुढं जात. आता तिथं लोक फोटो काढायला जातात म्हणे. परवा एकानं मला ते दाखवले आणि ही फार उच्च दर्जाची कला आहे असं समजावून सांगितलं. मी बरं म्हटलं.

खांब हातात घेण्याआधी तादो मेलेल्याच्या माणसांना एकेक करून बोलवायचा, एकत्र कधीच नाही. प्रत्येकाला एकच प्रश्न, तू पाह्यलं का? कोणी म्हणाला की असं ऐकलं आहे, तर तादो त्याला पुढं बोलूच देत नसे. "आयकलेलं लाकडात नाई जात," एवढं म्हणून तो दुसऱ्याला हाक मारी. एका शिकाऱ्याच्या घरच्यांना खांबावर वाघ मारलेला हवा होता. बायको म्हणाली, मारला. मुलगा म्हणाला, मारला. भावाला एकट्याला बसवल्यावर त्यानं सांगून टाकलं की वाघ आधीच मरून पडला होता, ह्यांनी फक्त नखं काढली. तादोनं वाघ चारी पाय वर करून पडलेला कोरला आणि शिकारी त्याचं नख ओढताना. घरच्यांनी तीन महिने त्याचं तोंड पाहिलं नाही. पुढं त्यांच्या लक्षात आलं की येणारेजाणारे सगळ्यात जास्त वेळ त्यांच्याच खांबापाशी थांबतात आणि हसून जातात. मग ते स्वतःच पाहुण्यांना तो दाखवायला नेऊ लागले.

तो कोरायचा वाटेवरच, ज्या खड्ड्यात खांब रोवायचा त्याच्या काठाशी ओंडका आडवा टाकून. हत्यारं दोनच, लाकूड तासायचा वाकस आणि कोरायची पटाशी. सुरुवात मात्र बुडापासून, म्हणजे जो भाग मातीत जायचा तिथून. मातीत जाणाऱ्या भागावर कशाला मेहनत घेतोस म्हणून मी एकदा विचारलं. त्यानं मला वाकून पाहायला लावलं. चांगल्या नावाजलेल्या एका माणसाच्या खांबाच्या बुडाशी त्यानं बायकोवर उगारलेली काठी कोरली होती. "वाईट बी खरंच हाय," तो म्हणाला. "पण रोज रोज काऊन पाह्याचं ते?" खांब उभा केला की ती काठी दोन हात मातीखाली जाणार होती. मी नाकेदार म्हणून साक्षीपुरावे, पंचनामे बरेच शिकलो होतो, पण इतकं सभ्य काम आमच्या खात्यात मी पाहिलं नव्हतं.

तादोला एकच मुलगा, लालसू. खांबांच्या कामात त्याचं चित्त नव्हतं. त्याला नदी आवडायची. एका पावसाळ्यात ठेकेदाराचे सागवानाचे तराफे पुराच्या पाण्यावरून सिरोंचाकडं न्यायला गावचे सहा जण गेले, त्यांत लालसू होता. पाच परत आले. ते सांगत होते की एका वळणावर पाण्याचा जोर वाढला, तराफे एकमेकांपासून तुटले, आणि लालसूचा तराफा खालच्या डेपोला पोचलाच नाही. चार दिवस वाट पाहिली. बुडताना पाहिला का? नाही, पाचांपैकी कोणीच पाहिलं नव्हतं. ते प्रामाणिक लोक, आणि समोर विचारणारा तादो, त्यामुळं मधलं काही बोलायची सोयच नव्हती.

तादोनं मुलासाठी साग निवडला, साल सोलली, वाटेवर आणून ठेवला आणि तिथंच घोडं अडलं. दोन वर्षं ओंडका पडून होता. मधल्या काळात त्यानं गावातले आणखी चार खांब केले. येताजाता लालसूच्या ओंडक्याची कूस तेवढी बदलायचा, वाळवी लागू नये म्हणून. लोकांनी समजावून पाहिलं. दोन वर्षं आला नाही म्हणजे काय ते समजायचं, असं म्हणाले. तादो ऐकून घ्यायचा आणि विचारायचा, पाह्यलं कोणी? मग लोकांनीही हात टेकले.

ह्यात खरी अडकली होती ती लालसूची बायको, मैनी. वीसएक वर्षांची पोर. नवऱ्याचा खांब उभा राहिला नाही तोवर नवरा मेला नाही, आणि तो मेला नाही तोवर तिला दुसऱ्या घरी जाता येत नव्हतं. ओढ्यापलीकडच्या गावातला एक चांगला माणूस तिला घर द्यायला तयार होता. तो वर्षभर थांबला होता. आता त्याच्या घरच्यांनी सांगून टाकलं होतं की मोहाची फुलं संपेपर्यंत वाट पाहू, मग दुसरीकडं पाहू. मैनी तादोशी भांडली नाही. त्याला रांधून घालत होती, त्याची धोतरं ओढ्यावर धूत होती. तादोचा तिच्यावर जीव होता, आणि आपण तिला धरून ठेवलं आहे हे त्याला दिसत होतं. तो झडत चालला होता. त्या दोघांच्या घरात बसणं मला नको व्हायचं.

मोह फुलायला लागला त्या सुमारास मला बारा दिवस खालच्या डेपोवर लाकडाच्या मोजणीला जायचं होतं. मैनी नाक्यावर आली, दारातच उभी राहिली. म्हणाली, "नाकेदारभाऊ, तादो खोटा नाई. पण माहा जलम त्या ओंडक्याखाली दबून राह्यला. तुमी नदीवर चाललेच, तर पाहून या." मी तिला शब्द दिला आणि तो पाळलाही. मुकादमाला विचारलं, नावाड्यांना विचारलं, काठावरच्या दोन गावांत मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं; तिथली माणसं तेलुगूत काहीतरी उत्तर देत आणि मान हलवत. मुकादम म्हणाला, दर पुरात नदी एकदोघांना घेऊन जाते, कुठं ध्यानात ठेवायचं. बारा दिवसांची माझी कमाई एवढीच.

मी परतलो तेव्हा तादो ओंडक्याशेजारचं गवत उपटत बसला होता. मैनी ओढ्यावरून पाण्याचा हंडा घेऊन वर आली आणि माझ्याकडं पाहत थांबली. झाडांखाली मोहाचा सडा विरळ झाला होता. फार तर दहापंधरा दिवसांची फुलं उरली होती. कोणालाच काही माहीत नाही, एवढंच सांगायचं मी वाटेत ठरवून आलो होतो. तादोनं नेहमीचा प्रश्न विचारला, पाह्यलं कोणी? आणि मी म्हणालो, "मी पाह्यलं."

हे माझ्या तोंडून कसं निघालं ह्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पोरीची दया आली हे खरं. पण त्यात तरुण सरकारी माणसाचा माजही होता. आपल्या एका शब्दानं तिघांचा गुंता सुटतोय, तर सोडवून टाकावा, असा. मी सांगितलं की एका कोळ्याला काठावर प्रेत सापडलं होतं, त्याच्या डाव्या हाताची करंगळी अर्धी होती, त्यांनी तिथंच माती दिली, आणि ती जागा मी स्वतः जाऊन पाहिली. लालसूची करंगळी अर्धी होती हे मला माहीत होतं. ती कशी तुटली हे माहीत नव्हतं. तादो माझ्या हातांकडं पाहत हळू म्हणाला की ती त्याच्याच वाकसानं तुटली होती, पोराला शिकवताना. मला तिथल्या तिथं मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण एकदा सुरुवात केल्यावर थांबता येईना. माती कशाखाली दिली? चिंचेखाली. वर गोटे ठेवले होते का? ठेवले होते, सात. सातच का म्हणालो देव जाणे. डोकं कुठल्या दिशेला? डोंगराकडं. मैनीनं हंडा खाली ठेवला आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी तादोनं वाकस काढला.

आठ दिवस तो वाटेवर कोरत बसला. मोहाची शेवटची फुलं पडत होती तेव्हा खांब उभा राहिला. सगळा गाव वर आला होता. खांबावर नदीच्या लाटा होत्या, लाटांवर तराफा, तराफ्यावर दोन्ही हात वर केलेला माणूस, त्याच्या डाव्या हाताची करंगळी अर्धी. खाली चिंचेचं झाड. झाडाखाली मोजून सात गोटे. आणि गोट्यांशेजारी अर्ध्या चड्डीतला एक छोटा माणूस उभा होता, त्याला दोन डोळे होते. त्या अख्ख्या वाटेवर दुसऱ्या कोणालाच डोळे नव्हते. हा मीच का, म्हणून मी विचारलं. तादो म्हणाला, "बाकीचे काम करतेत. तू पाह्यलं. पाह्यणाऱ्याले डोळे लागते." मी सगळ्यांच्या आधी खाली उतरलो.

पण सगळ्यांचं बरंच झालं, हेही लिहिलं पाहिजे. महिन्याच्या आत मैनी ओढ्यापलीकडं नांदायला गेली आणि पुढच्या वर्षी तिला मुलगा झाला. जाताना तिनं तादोसाठी सहा महिन्यांची कोदो-कुटकी कांडून ठेवली होती. म्हातारा पुन्हा नीट जेवू लागला, अंगावर थोडं मांस दिसू लागलं. एकदा मला म्हणाला, आता झोप लागते. मी स्वतःला सांगत राहिलो की आपण पुण्याचंच काम केलं. मात्र त्या वाटेनं जाणं मी सोडलं. गस्तीला डोंगराला वळसा घालून जायचो, दीड कोस जास्त पडायचा.

पाचव्या वर्षी माझी बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी तादोकडं गेलो आणि सगळं सांगून टाकलं. कोळी नाही, चिंच नाही, गोटे नाहीत, मी काहीच पाहिलं नाही. त्यात त्याच्या भल्याचा विचार काडीचाही नव्हता. मला हलकं होऊन जायचं होतं, बस. उद्यापासून मी दुसऱ्या जंगलात, आणि हे ओझं इथंच टाकून, असा आपला हिशेबी कारभार.

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. उठला, घरात जाऊन पटाशी घेऊन आला आणि डोंगरवाटेला लागला. मी मागं मागं. मला वाटलं, आता हा खांब तासून सपाट करणार. लालसूच्या खांबापुढं तो वाकला आणि त्या अर्ध्या चड्डीतल्या माणसाचे डोळे त्यानं नीट कोरून काढून टाकले, आधी एक, मग दुसरा. बाकी कशाला हात लावला नाही. झाड आणि गोटे राहू देतोस का, मी विचारलं. तो म्हणाला, "झाड कुठी ना कुठी असनच. गोटे बी असन. पाह्यणारा नोयता, एवढंच."

मग तो खांबाला टेकून खाली बसला. पटाशी मांडीवर आडवी ठेवली होती. बांबूत वारा शिरला होता आणि त्याचं बोलणं मला जेमतेम ऐकू आलं.

"मंग तो येईन का रे?"

त्या क्षणापर्यंत मला कळलंच नव्हतं की मी काय करून बसलो आहे. मी म्हणालो, "मले मालूम नाई, तादो." हे खरं होतं. त्यानं मान हलवली. मग मी मैनीचं विचारलं. तिच्या घरी जाऊन तिलाही सांगू का? त्यानं पहिल्यांदाच माझा हात धरला, चांगला घट्ट. "तिले नोको सांगू. तिचं लेकरू हाय आता." लोक खांबाचे डोळे कुठं गेले म्हणून विचारतील, त्यांना काय सांगशील, असं मी म्हटलं. म्हणाला, सुतारपाखरानं खाल्ले म्हणून सांगीन. तू खोटं बोलशील? मला खरंच आश्चर्य वाटलं होतं. तादो उठला, धोतर झटकलं. "लाकडात नाई चालत," तो म्हणाला. "तोंडानं बोलावं लागते कधी कधी."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. परत त्या गावी जायचं धाडस झालं नाही, आणि सवड नव्हती असं मी सांगत आलो ती थाप होती. तीनेक वर्षांनी माझ्या जागी आलेला नाकेदार मला अहेरीच्या बाजारात भेटला. म्हणाला, तुमचा तो खांबवाला म्हातारा गेला हो, ह्या उन्हाळ्यात. कोरणं त्यानं केव्हाच सोडलं होतं. रोज सकाळी गावाच्या वेशीवर, नदीकडून येणाऱ्या पायवाटेच्या तोंडाशी जाऊन बसायचा, आणि लांबून कोणी माणूस येताना दिसला की काठी टेकत उठून उभा राहायचा. माणूस जवळ आला की परत खाली बसायचा. "मी एकदा विचारलं, कोणाची वाट पाहून राह्यले आजोबा? तर म्हणे, मैनीचं लेकरू येणार हाय. पण ते गाव तर उलटीकडं आहे. म्हातारपणानं भ्रमिष्ट झाला असेल, नाही का?"

असेल, मी म्हणालो.